साडेचारचं रूपांतर

मला जपानी येत नव्हतं. आजही येत नाही.
मिलानमधल्या त्या तळघरात माझ्यापुढे असायचा
फ्रेंचवरून उतरवलेला कच्चा मसुदा,
त्यावर कॉफीच्या कपाचं वर्तुळ,
आणि पडद्यावर एक मुलगी, जिचे ओठ
चार वेळा उघडत, चार वेळा मिटत.
पाचवा स्वर घातला की ती खोटी पडायची.

तिचं नाव चिगुसा. अर्थ म्हणे हजार गवतं.
वाहिनीने कळवलं, हे आमच्या मुलींच्या तोंडी बसणार नाही.
मी कामिल्ला ठेवलं. तिला न विचारता बारसं.
तिच्या डब्यातला पांढऱ्या भाताचा त्रिकोण
मी चीज म्हणून खपवला.
मुलं काही बोलली नाहीत.
मुलं मोठ्यांना सांभाळून घेतात.

श्रेयनामावलीत माझ्या नावापुढे 'रूपांतर' असं यायचं,
वाचेपर्यंत सरकून जायचं.
खरं रूपांतर तिचं.
दर भागात अकराव्या मिनिटाला
रिबिनी, आरसे, शाळेच्या बुटांचे चांदीचे बूट,
चाळीस सेकंद.
आणि समोरचा राक्षस,
वीज मुठीत धरून,
थांबतो.

ओत्ताविया तिचा आवाज द्यायची.
एकोणचाळीस वर्षांची, दम्याची, दोन मुलांची आई.
एकदा हेडफोन काढून म्हणाली,
"माझ्या न्हाणीघराच्या दारावर
एवढ्यात तीन थापा पडतात गं.
हिची तयारी होईस्तोवर
अख्खं संकट ताटकळतंय बघ."
आम्ही हसत सुटलो.
ध्वनिमुद्रक तेवढा हसला नाही,
त्याला वाया जाणारी टेप दिसत होती.

त्या चाळीस सेकंदांना मंत्र हवा होता.
मसुद्यात नुसतं लिहिलेलं: जादूचे शब्द, अर्थ लागत नाही.
रात्र झालेली.
मी घरच्या ट्रामचे थांबे
शेवटाकडून सुरुवातीकडे म्हणून पाहिले,
मधली दोन अक्षरं गाळली.
ओठांवर चपखल बसले.

चौतिसाव्या भागात तिची मैत्रीण मरते.
पूल कोसळतो. उरते एक ओली रिबीन.
वाहिनीचं पत्र आलं:
साडेचार वाजता कोणी मरत नाही.
मी लिहिलं, "ती डोंगरात मावशीकडे गेली."
ओठ जुळले.
डोळे नाही जुळले. डोळ्यांचं काम
माझ्या करारात नव्हतं.

बेर्गामोहून चिठ्ठी आली, चौकटीच्या वहीतलं पान:
"ती मेली, मला कळलंय.
पण मावशीकडे ससे आहेत का?"

उत्तर द्यायचं राहून गेलं.
चिठ्ठी अजून आहे, विजेच्या बिलांखाली.
आहेत, बाळ. सहा.
एक लंगडा.

गेल्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडला.
दुरुस्तीला दुइलियो आला, पन्नाशीला टेकलेला,
मनगटावर भाजल्याचा जुना डाग.
ओट्याखाली अर्धा शिरून
गंजलेल्या नटाशी झटताना
तो काहीतरी पुटपुटत होता.
माझे थांबे.
उलटे. तीच दोन अक्षरं गाळून.

"हे काय म्हणताय?"
आतून बराच वेळ उत्तर नाही.
मग, "बहिणीचं लागायचं टीव्हीवर.
मी दाराआडून बघायचो.
एकदा टॉवेल खांद्याला बांधून आरशासमोर...
वडिलांनी पाहिलं."
पाना घसरला. त्याने पुन्हा लावला.
"जड काम असलं की येतं तोंडात. हसू नका."

मी हसले नाही.
चौथा शब्द म्हणजे माझ्या दंतवैद्याचा थांबा,
हेही सांगितलं नाही.
आत अंधार होता, त्याला दिसत नव्हतं.
तो पहिल्यापासून म्हणू लागला, सावकाश.

गुडघे दुखत होते तरी मी खाली बसले
आणि विजेरी मुठीत धरून
थांबले.